सत्तर दिवस, एक वही आणि स्टीलर्सचा नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर

२१ नोव्हेंबर २०२३, मंगळवार. मुलाला बसस्टॉपला सोडून घरी आले, चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. शेजारचे पॅप. ते सहसा फोन करत नाहीत, सरळ मागच्या दारावर टकटक करतात. एवढंच बोलले की कॅनडाला काढलं, आणि फोन ठेवून दिला. मी गॅस बंद करून तशीच त्यांच्याकडे गेले.

कॅनडा म्हणजे देश नाही, मॅट कॅनडा, पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. आणि पॅप म्हणजे आमच्या शेजारचे आजोबा, ब्रॅडॉकच्या स्टील मिलमधून रिटायर झालेले, इकडे पिट्सबर्गच्या भागात आजोबांना पॅप म्हणतात, माझा मुलगा म्हणायला लागला म्हणून मग आम्हीही. आम्ही साताऱ्याकडचे, इथे येऊन दहा वर्षं झाली होती तेव्हा. अमेरिकन फुटबॉल मला यांनीच शिकवला, पहिल्या हिवाळ्यात बाहेर पडता येत नव्हतं तेव्हा दर रविवारी त्यांच्या सोफ्यावर बसून.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर एका कोचच्या नोकरीवरून एवढं काय असं वाटेल. क्रिकेटमध्ये बॉल पडला की काय करायचं ते बॅट्समन ठरवतो. इथे तसं नाही, इथे प्रत्येक प्ले आधी ठरलेला असतो, अकरा जणांनी कुठे पळायचं, कोणी कोणाला अडवायचं, बॉल कोणाकडे जाणार सगळं, आणि बहुतेक टीममध्ये तो प्ले निवडणारा माणूस म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (काही ठिकाणी हेड कोच स्वतः निवडतो, पण स्टीलर्सचे तेव्हाचे हेड कोच माइक टॉमलिन मुळात डिफेन्सवाले, म्हणजे समोरच्याला अडवायचं शिकवणारे). क्वार्टरबॅक म्हणजे बॉल हातात घेऊन तो फेकणारा किंवा दुसऱ्याला देणारा खेळाडू, त्याच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो, त्यातून प्लेचं नाव त्याला सांगितलं जातं. प्ले सुरू करायला ४० सेकंद मिळतात आणि घड्याळात १५ राहिले की तो आवाज आपोआप बंद होतो, पुढचं सगळं पोराच्या डोक्यावर. म्हणजे मॅचभर हे साठ-सत्तर वेळा. माणूस चुकीचा बसला तर अकराच्या अकरा जण त्याच्याबरोबर चुकतात.

कॅनडा २०२१ पासून होते. आमची वही २०२२ ची. मुलाला इंजुरी-बिंजुरी नको म्हणून खेळायला पाठवत नव्हते, पण त्याला गणित आवडतं म्हणून पॅपनी त्याला एक लांबट वही आणून दिली आणि रकाने पाडून दिले: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, रन (बॉल घेऊन पळायचं) की पास (फेकायचा), पास असेल तर डावीकडे, मधे की उजवीकडे, आणि शेवटी मिळाले किती. तो लिहायचा, कंटाळला की मी लिहायचे, मग मीच लिहायला लागले. आणि पानामागून पान तोच प्रकार दिसायचा, डावीकडे-उजवीकडे रेघाच रेघा आणि ‘मधे’ हा रकाना जवळजवळ कोरा. मैदानाच्या मधोमध पास टाकायचाच नाही असं जणू ठरवूनच टाकलेलं. २०२३ मध्ये तर पहिल्या नऊ मॅचमध्ये दरवेळी समोरच्या टीमने आपल्यापेक्षा जास्त यार्ड काढले, तरी त्यातल्या सहा आपण जिंकलो, म्हणजे जिंकवत कोण होतं तर डिफेन्स. मग क्लीव्हलंडमध्ये १३-१० ने हरलो आणि दोन दिवसांनी हा फोन.

एक गोष्ट मला मनापासून आवडली नव्हती ती इथेच सांगते. स्टेडियममध्ये ‘फायर कॅनडा’ ओरडायचे लोक ते समजू शकते, तिकीट काढून आलेत. पण गावातल्या हॉकीच्या मॅचलासुद्धा लोक हेच ओरडले. त्या माणसालाही घर आहे, गावात दुकानात जावं लागतं. काम जमत नव्हतं हे मी वहीवरून दाखवू शकते, पण जमत नाही म्हणून माणसाला चारचौघांत असं हाकलायचं हे मला पटत नाही, आणि त्याहून जास्त राग मला याचा होता की हा निर्णय सीझन सुरू व्हायच्या आधी का नाही घेतला. स्टीलर्स मधल्या सीझनला कोच काढत नाहीत, ती त्यांची रीतच नाही, १९६९ पासून तेव्हापर्यंत फक्त तीन हेड कोच झालेले, नोल, काउअर आणि टॉमलिन. त्या धीराचा मला अभिमान आहे, पण यावेळी तो महागात पडला.

पुढच्या रविवारी, २६ नोव्हेंबर, सिनसिनाटीला मॅच. कोऑर्डिनेटरचं काम तात्पुरतं एडी फॉकनरकडे, प्ले सांगायला माइक सुलिव्हन. ते पान मी जपून ठेवलंय. तिसऱ्या-चौथ्या ओळीपासूनच ‘मधे’ रकान्यात खुणा यायला लागल्या, पॅट फ्रायरमुथ हा आपला टाइट एंड, म्हणजे अडवणाराही आणि पास पकडणाराही, त्याला मधोमध एकामागून एक पास, शेवटी त्याचे ९ कॅच आणि १२० यार्ड झाले. पॅप आधी टीव्हीकडे बघत होते, मग वहीकडे बघायला लागले, मग माझ्या हातातून पेन्सिल घेऊन त्यांनी त्या रकान्याभोवती वरपासून खालपर्यंत एक लांब गोल काढला, काही बोलले नाहीत. टोटल ४२१ यार्ड. कॅनडांच्या सगळ्या काळात एकदाही ४०० झाले नव्हते. पॉइंट मात्र १६ च, जिंकलो १६-१०. माझा मुलगा म्हणाला की आई एवढे यार्ड काढून एवढेच पॉइंट कसे, आणि तो प्रश्न बरोबर होता, नंतर कळलं.

कारण लगेच पुढे ॲरिझोना आणि न्यू इंग्लंड, दोघांचाही तेव्हा रेकॉर्ड २-१० (दोन जिंकलेल्या, दहा हरलेल्या), दोघांकडूनही घरच्या मैदानावर हरलो, चार-पाच दिवसांत. आपला क्वार्टरबॅक केनी पिकेट, त्याचा घोटा दुखावला ॲरिझोनाच्या मॅचमध्ये. मग इंडियानापोलिसला हरलो. मग तिसरा क्वार्टरबॅक मेसन रुडॉल्फ आला आणि शेवटच्या तिन्ही मॅच जिंकून प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला गेलो. त्या तीन आठवड्यांत मंडळातले सगळे म्हणायला लागले की फॉकनरनाच ठेवा की, बाहेरचा शोधायचाच कशाला. मलाही क्षणभर वाटलं तसं. पॅपना नाही वाटलं.

प्लेऑफची मॅच बफेलोला, रविवारी होती पण एवढा बर्फ पडला की सोमवारवर गेली, १५ जानेवारी, स्टेडियममधला बर्फ उपसायला लोकांना तासावर पैसे देऊन बोलावलं होतं. मी पोहे केले होते, पॅपना शेंगदाण्याचे आवडतात. पोहे संपायच्या आधी २१-० ने मागे. शेवटी ३१-१७. नंतर टॉमलिनना पत्रकाराने कॉन्ट्रॅक्टबद्दल विचारलं आणि ते प्रश्न संपायच्या आत उठून गेले, घरात कोणी काही बोललं नाही. तीन दिवसांनी ते परत बोलले आणि सांगितलं की राहतोय, आणि ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर यावेळी बाहेरून बघणार.

हे ‘बाहेरून’ मोठं होतं. एरियन्स, फिक्टनर, कॅनडा, सगळे आधी टीममध्येच कोच होते, मग बढती. मधे फक्त टॉड हेली बाहेरून आलेले २०१२ ला. इथून पुढचे बारा दिवस मात्र मला सगळ्यात अवघड गेले, कारण मॅच असली की निदान वही तरी असते, इथे नुसती नावं येत होती आणि आपल्या हातात काही नाही.

झॅक रॉबिन्सन, लॉस एंजेलिस रॅम्सचे. जेरॉड जॉन्सन, ह्यूस्टनच्या सी. जे. स्ट्राउडला पहिल्याच वर्षी तयार करणारे क्वार्टरबॅक कोच. थॉमस ब्राउन, कॅरोलिनाचे, ज्यांची टीम २-१५ गेली होती. आणि आर्थर स्मिथ. या सगळ्या भानगडीत मला एक कळलं की टीम मुलाखत घेते म्हणजे मुलीकडच्यांनी मुलगा बघितल्यासारखं नसतं, तो मुलगा त्याच वेळी चार घरी जात असतो. दुसऱ्या टीममध्ये आधीच कोऑर्डिनेटर असलेल्या माणसाला त्याच पदासाठी बोलवायचं तर त्याची टीम नाही म्हणू शकते, त्याच्या खालच्या पदावरच्याला मात्र वर जायला अडवता येत नाही. शिवाय अल्पसंख्याक उमेदवारांना मुलाखतीला बोलवायचा नियम, ज्याला रूनी रूल म्हणतात, तो स्टीलर्सचेच मालक डॅन रूनी यांच्या नावाचा, २००३ मध्ये हेड कोचसाठी सुरू झाला आणि नंतर कोऑर्डिनेटरलाही लागू झाला. हे पॅपनी मला फार अभिमानाने सांगितलं, आणि तो अभिमान रास्त आहे.

मला हवे होते झॅक रॉबिन्सन. रॅम्सची पद्धत मला आवडते, सगळे प्ले सुरुवातीला सारखे दिसतात आणि मग फुटतात. २५ जानेवारीला बातमी आली की अटलांटाने रहीम मॉरिसना हेड कोच केलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पॅप म्हणाले, संपलं, तुझा झॅक गेला. मॉरिस रॅम्समध्येच डिफेन्स सांभाळत होते, आपल्या माणसाला बरोबर नेणारच, आणि तसंच झालं. एका टीमने एक खुर्ची भरली की दुसऱ्या टीमच्या यादीतलं नाव खोडलं जातं, आणि अटलांटाने ती खुर्ची रिकामी केली होती कोणाला काढून तर आर्थर स्मिथना.

३० जानेवारी, मंगळवारच परत. आर्थर स्मिथ. फोन मीच केला यावेळी पॅपना. खरं सांगते, मी रडकुंडीला आले होते. अटलांटात तीन वर्षं, तिन्ही वर्षं ७-१०. काइल पिट्स, ड्रेक लंडन, बिजन रॉबिन्सन असे तीन पोरं, तिघंही ड्राफ्टमध्ये (टीम कॉलेजची पोरं पाळीपाळीने निवडतात त्यात) पहिल्या आठात घेतलेले, आणि त्यांच्याकडे बॉलच जात नाही म्हणून तिथले लोक तीन वर्षं ओरडत होते. एवढं सोसून, ७० दिवस थांबून, दुसऱ्यांनी काढलेला माणूस आणायचा का?

पॅप म्हणाले ये इकडे. त्यांनी टेनेसी टायटन्सच्या २०१९ च्या मॅच लावल्या, स्मिथ तिथे कोऑर्डिनेटर होते. आम्ही त्या आठवड्यात रोज रात्री एक मॅच बघितली, वही घेऊन, मुलगा झोपल्यावर. क्वार्टरबॅक रायन टॅनहिल, ज्याला लोकांनी संपला म्हणून सोडून दिलं होतं, मधल्या सीझनला मैदानात आला आणि टीम कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या आधीच्या मॅचपर्यंत गेली. आधी डेरिक हेन्रीला पळवायचं, परत पळवायचं, परत, डिफेन्स पुढे सरकायला लागला की हेन्रीला बॉल दिल्याचं दाखवायचं आणि तोच बॉल मागे, मधोमध. प्ले-ॲक्शन म्हणतात त्याला. पुढच्या वर्षी हेन्रीने २,०२७ यार्ड काढले. ‘मधे’ रकाना भरत गेला, ओळ संपून समासात लिहावं लागलं. तिसऱ्या रात्री मी पॅपना विचारलं की मग अटलांटात का नाही झालं हे. ते म्हणाले, तिथे टॅनहिल कोण होता ते सांग.

माझं मत पूर्ण नाही बदललं. पिट्स-लंडनचं मला अजूनही पटत नाही, चांगला खेळाडू आहे तर त्याला बॉल मिळेल अशी वाट कोचने काढायची असते. पण आपल्याकडे नाजी हॅरिस आणि जेलन वॉरन असे दोन पळणारे, फ्रायरमुथसारखा टाइट एंड, थंडीत डिसेंबरात खेळणारी टीम, हे सगळं मांडलं तर रॉबिन्सनपेक्षा स्मिथ इथे जास्त बसतात हे मला त्या तीन रात्रींनंतर दिसलं. माझ्या डोक्यात कोच आधी आला होता आणि टीम नंतर. आणि मग कोऑर्डिनेटर आल्यावर क्वार्टरबॅक बदलले, मार्चमध्ये रसेल विल्सन आले, पिकेट फिलाडेल्फियाला गेला, जस्टिन फील्ड्स शिकागोहून आला.

८ सप्टेंबर २०२४, पहिली मॅच, कुठे तर अटलांटालाच. एका बाजूला आर्थर स्मिथ, दुसऱ्या बाजूला अटलांटाचे नवे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झॅक रॉबिन्सन. मी दिवसभर पोटात गोळा घेऊन फिरत होते. विल्सनची पोटरी दुखत होती म्हणून फील्ड्स खेळला. रन, रन, पास, रन. वहीत रनच्या खुणा पासपेक्षा जास्त झाल्या. टचडाउन एकही नाही, पण ख्रिस बॉसवेलने सहा फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेला बॉल, प्रत्येकी तीन पॉइंट) मारले, त्यातले तीन ५० यार्डांच्या पुढून, आणि जिंकलो १८-१०. मुलाने शेवटच्या ओळीखाली सहा त्रिक अठरा असं लिहून ठेवलं. पॅपनी वही मागून घेतली, चष्मा वर करून ‘मधे’ रकाना वरून खाली बघितला, चार-पाचच खुणा होत्या. पुढचा रविवार डेन्व्हरला आहे, म्हणाले, मॅच दुपारी उशिरा आहे, पोहे सावकाश कर.