सात फुटांखाली उभं करायचं कपाट

2100 मिमी उंचीचं कपाट 2134 मिमीच्या जागेत मावतं, हे कागदावर कुणीही सांगेल. पण सुट्या फळ्यांचं कपाट जोडतात जमिनीवर आडवं, आणि ते उभं करताना उंची आड येत नाही, कर्ण येतो. 560 मिमी डेप्थ धरली तर तो भरतो 2173. म्हणजे चाळीसेक मिमी तुळईत अडकणार. बेळगावच्या वडगावातल्या एका घरात नेमकं हेच वाढून ठेवलेलं होतं.

घर जुनं, विणकराचं. स्वयंपाकघरावर पूर्ण माळा, तुळईच्या खालच्या कडेपर्यंत बरोबर सात फूट, म्हणजे 2134 मिमी. खोली सात बाय आठ, त्यात एका अंगाला कडप्प्याचा ओटा आणि कोपऱ्यात मोरी. बाहेरच्या खोलीत उभं करून आत आणावं, तर दाराची चौकट साडेसहा फुटांची. कंपनीच्या फॉर्मवर जागेची उंची, रुंदी, डेप्थ एवढंच विचारलेलं; घरच्यांनी ते टेप लावून बरोबर भरलं होतं. फॉर्म बनवणाऱ्यानं माळ्याखाली कपाट कधी उभं केलेलं नसणार, एवढं नक्की.

हेल्पलाइनवरच्या पोरानं सांगितलं, वरून 50 मिमी कापून घ्या. घरच्या मावशी ऐकत होत्या. "अवो, नवीन कपाट कापालाय काय?" त्यांचं बरोबर होतं. फळ्या जोडतात त्या मिनिफिक्सनं, म्हणजे एका फळीत बोल्ट आणि दुसरीत तो ओढून धरणारा फिरता कॅम; त्या बोल्टची भोकं साइड पॅनेलच्या वरच्या टोकालाच असतात. तेवढा तुकडा गेला की भोकंही गेली, कडेवरची एजबँडची पट्टीही गेली, आणि उघडा पडलेला पार्टिकल बोर्ड बेळगावच्या पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतो. हा माल पावसात व्हरांड्यात पडून होता. एका पॅनेलच्या खालच्या कोपऱ्याला व्हर्नियर लावून जाडी मोजली तर 18 चे 19 मिमी झालेले. तो कोपरा कोरडा करून सिलिकॉननं बंद केला.

लीफलेटात नुसती चित्रं. चौथ्या चित्रात पाय बसवायचे, पाचव्यात कपाट उभं करायचं. सगळी गोम तिथं आहे. पाय 100 मिमीचे, म्हणजे नुसता डबा 2000 मिमी. पाय न लावता त्याचा कर्ण येतो 2077. तुळईखाली 57 मिमी मोकळे राहतात.

तर डबा नेहमीसारखा आडवा जोडला. आधी डॉवेल, म्हणजे लाकडी खुंट्या, मग मिनिफिक्स. कॅमवरचा बाण बोल्टच्या तोंडाकडं करून हातानंच फिरवायचा. ड्रिलमशीन लावलं की बोर्ड आतून फुटतो आणि तो सांधा पुन्हा कधी धरत नाही. मागची 6 मिमीची पाठ ठोकायच्या आधी डब्याचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजायचे. दोन मिमीचाही फरक असला तर कोपरा दाबून सारखा करायचा, मग दर 150 मिमीवर खिळा. पाठ वाकडी ठोकली तर पुढं दारांच्या बिजागऱ्या कितीही पिळा, फट जात नाही.

पायांच्या वाट्या तळाला आधीच स्क्रूनं बसवल्या, पाय मात्र बाजूला. वाट्यांवर भार येऊ नये म्हणून साइड पॅनेलच्या कडेखाली 20 मिमीच्या दोन पट्ट्या आणि त्यावर खोक्याचा पुठ्ठा. शेल्फ आणि दारं सोडून डबा पन्नासेक किलोचा. खानापूरकडचा पोरगा जोडीला होता, दांडगा पण घाईचा. त्याला "निधान, निधान", म्हणजे हळू हळू, म्हणत उभं केलं. तुळईला घासलं नाही.

खरं काम त्यानंतरचं. उभा डबा 100 मिमी वर न्यायचा, आणि तेवढा वर गेल्यावर तुळईखाली जेमतेम 34 मिमीची मोकळीक. एका दमात एक बाजू उचलली की वरचा कोपरा कधी तुळईला लागेल सांगता येत नाही. म्हणून 25 मिमीचे गुटके, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, असं चढवत नेलं. पाय आधी पूर्ण आखडून घेतले, कारण फरशीला मोरीकडं उतार. चारही पाय वाट्यांत दाबल्यावर गुटके काढून लेव्हल घेतली. मोरीकडचे दोन पाय 9 मिमी जास्त उघडावे लागले. भिंतीला एल-पट्टी मारताना ड्रिलचा हॅमर बंद. भिंत जांभ्याची. मातीच्या सांध्यात प्लग नुसता फिरतो, चिऱ्याच्या मध्यात भोक पाडून लांब प्लग घातला तर धरतो. पाठीमागं बोटभर जागा ठेवली. मावशींना कपाट भिंतीला चिकटून हवं होतं, पण ती भिंत पश्चिमेची, ओल धरणारी.

काम झाल्यावर अ‍ॅपवर प्रश्न येतो: "लीफलेटप्रमाणे जोडणी केली? हो/नाही". 'नाही' केलं तर वॉरंटी अडते, 'हो' केलं तर चौथ्या पायरीचा फोटो मागतात, आडव्या कपाटाला पाय लावलेला. तो फोटो असणारच नव्हता. मी 'नाही' करून कारण लिहिलं. उत्तर आलं, फोटो अपलोड करा.

आणखी एक गोष्ट डोक्यात आहे. हे कपाट कधी हलवायचं झालं, तर पायांसकट आडवं होणार नाही. आधी गुटक्यांवर घेऊन पाय काढावे लागतील. पुढच्या फिटरला हे कळणार कुठून? पाय झाकणाऱ्या पट्टीच्या, स्कर्टिंगच्या, आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलंय: आधी पाय काढा, कर्ण 2173, तुळई 2134. कंपनीला तेवढंच कळवलं, चौथं आणि पाचवं चित्र अदलाबदल करा म्हणून. तक्रार बंद केल्याचा मेसेज आला, चित्रं आहेत तशीच आहेत.