युरोपातलं पान

माद्रिदच्या खाणावळीत 'पान' मागितलं तर टोपलीतून पाव येतो. वॉर्सात 'पान' म्हटलं तर एखादा गृहस्थ वळून बघतो. ग्रीसमध्ये ह्याच नावाचा, शेळीच्या पायांचा एक देव होऊन गेला, आणि वेल्समध्ये 'पान' म्हणजे नुसतं 'जेव्हा'. रोमन लिपीतली तीन अक्षरं, पी-ए-एन. इंग्रजांनी त्यांचा 'पॅन' केला आणि चुलीवर चढवला.

आपलं पान ह्या गर्दीत आणायला नको. ते 'पर्णा'तून आलं, आणि विड्यापासून वहीपर्यंत आणि पंगतीपासून पत्त्यांपर्यंत त्याचा संसार इतका मोठा आहे की त्याला बाहेरच्या सोयरिकींची गरज नाही. पण युरोपातल्या ह्या पानांचा नाद मला लागला तो लागलाच. दिसायला सगळी जुळी भावंडं, आणि बहुतेकांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पावापासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये पावाला 'पानिस'. त्याचं स्पॅनिशमध्ये 'पान' झालं, इटालियनमध्ये 'पाने', आणि फ्रेंचमध्ये उच्चार गोड राहिला तरी लिहायला ते 'पेन' झालं, म्हणजे इंग्रज माणसाला पॅरिसच्या प्रत्येक बेकरीवर 'दुखणं' असं लिहिलेलं दिसतं. पोर्तुगीजांनी शेवटचा 'न' नाकात ओढून घेतला. तोच नाकातला 'पाँव' गोव्याला उतरला आणि पुढे आपला पाव झाला. पीठ पायांनी मळतात म्हणून पाव, चार तुकडे जोडलेले असतात म्हणून पाव, अशा गोष्टी घरोघरी सांगतात. सांगायला मजेदार आहेत, खऱ्या नाहीत. गोव्यात पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत येणारा पोदेरसुद्धा पोर्तुगीज 'पादेइरु'चाच, म्हणजे पाववाल्याचाच, अवतार आहे.

स्पॅनिश माणसं पानावाचून बोलूच शकत नाहीत. सोपं काम म्हणजे 'खाल्लेलं पान'. रोखठोक बोलणं म्हणजे पानाला पान आणि वाइनला वाइन म्हणणं. आणि प्रेमात पडलेली, खिशात दमडी नसलेली जोडपी म्हणतात 'कोंतीगो, पान ई सेबोया', तुझ्याबरोबर पाव आणि कांदा. आपल्याकडे कांदा-भाकर. मधे अरबी समुद्रापासून भूमध्य समुद्रापर्यंतचं पाणी पसरलेलं आहे, पण प्रेमाची परीक्षा घ्यायला दोन्हीकडे कांदाच.

ह्याच 'पानिस'पासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कोंपानिओ' हा शब्द घडला. ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा तो, सोबती. त्यातून कम्पॅनियन आला आणि कंपनी आली. जुन्या मराठी कागदपत्रांत ईस्ट इंडिया कंपनीला 'कुंपणी सरकार' म्हणत. ह्या कुंपणीनं शेत खाल्लं हे तर आपण जाणतोच. पाव वाटून खाणाऱ्यांची म्हणवणारी ही मंडळी वाटणीच्या बाबतीत फारशी उदार नव्हती. असो. सध्याच्या कुठल्याही कंपनीच्या कँटीनमध्ये वडापाव खाणाऱ्याच्या हातात जो शब्द असतो तोच बाहेरच्या पाटीवरही असतो, एवढं मात्र खरं.

आता पोलंड. तिथे 'पान' म्हणजे साहेब, महाशय, आणि जरा वरच्या पट्टीत धनी, प्रभू. देवालासुद्धा ते 'पान बूग' म्हणतात. बाईला 'पानी'. गंमत अशी की अनोळखी माणसाशी बोलताना ते 'तू' म्हणत नाहीत आणि 'तुम्ही'ही म्हणत नाहीत, समोरच्याबद्दल तिसऱ्याच कुणाशी बोलावं तसं बोलतात. 'पान कॉफी घेतो का?' म्हणजे 'साहेब कॉफी घेणार का?' आपल्या कानाला हे अजिबात परकं वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीला ह्या 'पान'मध्ये जमीनदारीचा वास आला. तिनं 'नागरिक', 'कॉम्रेड' आणि रशियन धर्तीचं 'तुम्ही' रुजवायचा बराच प्रयत्न केला. पोलिश लोक भाजीच्या रांगेत उभे राहून एकमेकांना पान आणि पानी म्हणत राहिले. राजवट गेली, पान राहिले. मला ह्या हट्टाचं कौतुक वाटतं. सरकारला विरोध करायचे पुष्कळ मार्ग असतात, त्यातला शिष्टाचार हा सर्वांत स्वस्त.

हे पान-पानी आपल्या कोल्हापूरनंही ऐकलेले आहेत. १९४३ ते १९४८ ह्या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत छावण्यांतून सुटून, इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. म्हणजे पाच वर्षं त्या माळावर सकाळपासून 'पानी, पानी' अशा हाका चालत असणार. आणि त्या भागातल्या खेड्यांतली बोली तर पाण्याला 'पानी'च म्हणते. पोलिश बाईनं शेजारणीला हाक मारावी आणि कुणी कळशी घेऊन धावत यावं, असं एकदा तरी घडलं असेल, असं मला उगाच वाटत राहतं. पुरावा काही नाही.

चेक भाषेत हाक मारताना ह्याच पानाचं 'पाने' होतं. प्रागमध्ये वेटरला बोलवायला 'पाने वर्खनी' म्हणतात. इटालियन प्रवाशाला त्यातलं पहिलंच तेवढं कळेल, आणि तो म्हणेल, वा, पाव तर मिळणार. उलट पोलिश माणसाला 'पान्ना' म्हणजे कुमारी, आणि इटालियनाला 'पान्ना' म्हणजे साय. पान्ना कोत्ता नावाच्या गोड पदार्थाकडे बघून वॉर्सातल्या एखाद्या आजोबांना ही कोत्ता घराण्यातली मुलगी कोण, असा प्रश्न पडायला हरकत नाही. स्वीडनमध्ये 'पान्ना' म्हणजे कपाळ. म्हणजे कढईसुद्धा. कपाळ.

इथपर्यंत नुसती करमणूक आहे. मला खरी भुरळ पडली ती दुसऱ्याच एका गोष्टीची. इंग्रजीत 'पान'ला, म्हणजे धन्याला, लॉर्ड म्हणतात. हा लॉर्ड जुन्या इंग्रजीत 'ह्लाफोर्ड' होता. 'ह्लाफ' म्हणजे पाव, आजचा लोफ, आणि उरलेला 'वेअर्ड' म्हणजे राखणारा. लॉर्ड म्हणजे पावाचा राखणदार. लेडी ही 'ह्लाफ' मळणारी, म्हणजे सरळ कणीक तिंबणारी बाई. आता पोलिशमध्ये पावाला काय म्हणतात? 'ख्लेब'. आणि हा ख्लेब इंग्रज-जर्मनांच्या जर्मनिक भाऊबंदांकडून स्लाव लोकांनी, म्हणजे पोलिश-चेक वगैरेंच्या पूर्वजांनी, उसना घेतला, त्याच 'ह्लाफ'च्या घराण्यातून. म्हणजे इंग्रजांच्या धन्याच्या पोटात पोलंडचा पाव आहे, आणि पोलंडचा धनी हुबेहूब स्पेनच्या पावासारखा दिसतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही. ठरवून केलं असतं तर इतकं नीट जमलंच नसतं.

पॅन ह्या भांड्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जर्मनमध्ये 'प्फाने', डचमध्ये 'पान', आणि डच पान छपरावरही चढतं, कारण कौलालाही तोच शब्द. कॅलिफोर्नियात १८४९च्या सुमारास सोन्यामागे लागलेली माणसं नदीची वाळू पसरट पॅनमध्ये घोळवत बसत. हाती काही लागलं की ते 'पॅन आउट' झालं म्हणायचं. सिनेमाचा कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरतो तो पॅन मात्र ह्या भांड्याचा नाही, तो 'पॅनोरमा'चं शेपूट कापून केलेला आहे. फ्रेंचांचं 'पाँ' तिसरंच, लॅटिन 'पान्नुस' म्हणजे कापड, त्यावरून कपड्याचा घोळ, भिंतीचा पट्टा. खिडकीची पेन आणि दाराचं पॅनेल ह्याच कापडातून फाडलेले.

पॅनोरमातला 'पॅन' म्हणजे ग्रीक 'पान', सर्व. पॅनडेमिक, म्हणजे सर्व लोकांवर आलेली साथ, हा त्याचा अलीकडचा आणि सगळ्यांच्या तोंडी बसलेला वंशज. ग्रीकांकडे असा एक 'सर्व' आणि एक देव, दोघंही पान. त्यामुळे गोंधळ होणारच, आणि तो फार जुना आहे. एका प्राचीन ग्रीक स्तोत्रात म्हटलंय की ह्या शिंगाड्या पोराला बघून सर्व देवांना आनंद झाला, म्हणून त्याचं नाव पान. व्हॉट्सॲपवर 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' पाठवणाऱ्या काकांचे पूर्वज तिथेही होते म्हणायचे.

त्याहून सुरस कथा प्लुटार्क ह्या प्राचीन ग्रीक लेखकानं लिहून ठेवली आहे. रोमन सम्राट टायबेरियसच्या काळात एक जहाज इटलीकडे निघालं होतं. संध्याकाळी वारा पडला आणि ते पाक्सी बेटाजवळ वाहत गेलं. किनाऱ्यावरून कुणीतरी थामूस अशी हाक मारली. सुकाणू धरणाऱ्या इजिप्शियन माणसाचं नाव खरोखरच थामूस होतं. तिसऱ्या हाकेला त्यानं ओ दिली, तेव्हा आवाज आला, पुढे गेलास की सांग, महान पान मरण पावला. थामूसनं पुढे जाऊन तसं ओरडून सांगितलं आणि किनाऱ्यावर मोठा आक्रोश उठला. बातमी रोमला पोचली, सम्राटानं थामूसला बोलावून चौकशीही केली. पुढे ख्रिस्ती लेखकांनी ह्यात जुन्या देवांचा अंत पाहिला, कवींनी शोकगीतं लिहिली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सालोमों रेनाक नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं ह्याची वेगळीच उकल मांडली. थामूस म्हणजे तम्मूज, पश्चिम आशियातला दरवर्षी मरणारा आणि दरवर्षी रडला जाणारा देव. त्याचे भक्त किनाऱ्यावर शोक करत होते, 'थामूस पान-मेगास मेला', सर्व-महान तम्मूज मेला. जहाजावरच्या थामूसला आपलं नाव ऐकू आलं, आणि पुढचा 'सर्व' त्याला देव वाटला. म्हणजे एका विशेषणाची नीट फोड झाली नाही म्हणून एक देव मेला. सगळे विद्वान हे मानत नाहीत, पण मला ही उकल मूळ गोष्टीपेक्षाही आवडते.

तर ही सगळी पानं वेगळी. पण तीन पानांच्या बाबतीत भाषाशास्त्रज्ञ थोडे थबकतात. 'पानिस'च्या मुळाशी 'पोसणं, चारणं' असा एक प्राचीन धातू आहे. लॅटिन 'पास्तोर', म्हणजे मेंढपाळ, त्याचाच, आणि आपल्या 'गोपा'तला 'पा' त्याचा भाऊबंद. ग्रीसमधल्या आर्केडिया प्रांतात पान देवाचं जुनं नाव 'पाओन' असं सापडतं. त्यावरून हेर्मान कोलिट्स ह्या जर्मन पंडितानं १९२४ मध्ये त्याचं नातं थेट ऋग्वेदातल्या पूषन् देवाशी जोडलं, आणि ते पुष्कळांना पटलं. पोलिश पानाबद्दल वाद आहेत, पण जुन्या चेक भाषेत तो 'ह्पान' असा आढळतो, आणि काहींच्या मते तो प्राचीन इराणी 'गु-पान'वरून आला, म्हणजे गाई राखणारा. म्हणजे बाकीच्या पानांत नुसतं दिसण्यातलं साम्य, आणि पाव, बोकडदेव आणि पोलिश साहेब कदाचित एकाच गुराख्याच्या वस्तीवरचे. कोण कुणाचा सगा, हे तोंडावळ्यावरून ओळखायला जाऊ नये.

पूषा हा वाटा आणि गुरं राखणारा. हरवलेली जनावरं शोधून देतो. त्याच्या रथाला घोडे नाहीत, बोकड आहेत, म्हणून वेदात त्याला 'अजाश्व' म्हटलंय. ग्रीसच्या भावाचे पायच बोकडाचे झाले, ह्याचा लावता येईल तसा अर्थ लावावा. पण घराण्याच्या मुख्य पदार्थाचा उपयोग मात्र ह्या पूषाला फारसा झाला नसता. त्याला दात नाहीत. दक्षाच्या यज्ञात वीरभद्रानं ते पाडले असं पुराणं सांगतात, आणि वेदातही तो करंभच, म्हणजे पिठाची पातळ कांजीच, खाताना दिसतो. गोव्याचा कडक उंडो पाव त्याच्यापुढे ठेवायचा झाला तर चहात चांगला बुडवूनच द्यावा लागेल.