मास्क अखेर बसला!

आज मालवणला बोटीत चढण्याआधी डाइव्हवाल्या दादांनी पाण्याखाली बघायला डोळ्या-नाकावर लावायच्या मास्कची अख्खी पेटीच पुढे ठेवली. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा, हात सोडायचे. चिकटून राहिला तर तो आपला. माझा चेहरा अरुंद, मोठे मास्क गालापाशी हवा घेत होते. मऊ सिलिकॉनचा एक छोटा मात्र घट्ट राहिला. केस आत अडकू द्यायचे नाहीत, पट्टाही करकचून आवळायचा नाही; आवळला की कड मुडपते आणि उलट जास्त पाणी शिरतं. (मिशीवाल्यांना जास्त त्रास!) सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ खाली गेले, डोळे कोरडे, मासे अगदी स्पष्ट. काय सांगू किती छान वाटलं! भाड्याचा मास्क घेणार असाल तर किनाऱ्यावरच दोन-चार लावून बघायला मागा.