14 फुटी बोट, भाग 3: ट्रान्सम उन्हाने वाळवला, उन्हानेच रडवलं

मागच्या भागात लिहिलं होतं, की ट्रान्समवर (बोटीची मागची सपाट भिंत, जिला मोटर लावतात) हातोडीच्या दांड्याने ठोकलं की वर 'टक्क' वाजतं आणि खाली ड्रेनच्या भोकाजवळ 'थप्प'. शंका खरी निघाली. आतली फायबरची साल ग्राइंडरने चौकटीसारखी कापून उचलली, तर मधलं प्लायवुड पटाशी न लावता हातानेच निघालं. चहाच्या चोथ्यासारखं काळं, आणि मुठीत दाबलं तर पाणी. तळ्याचं पाणी थेट आत शिरलंच नव्हतं. आधीच्या मालकाने दोरीच्या कडीसाठी चार स्क्रू ठोकले होते, नंतर ते काढून वरून पुट्टी फासली. त्या चार भोकांनी सगळी फळी खाल्ली.

बाहेरची साल तशीच ठेवली, आकार तिच्यावरच टिकून आहे. आता ती वाळवायची. आमचं गाव पवनीच्या अलीकडे, अंगणात एप्रिलचं ऊन फुकट. बोट आडवी करून उघडी बाजू दक्षिणेकडे केली. वाळली की नाही हे पाहायला मीटर नाही माझ्याकडे. पारदर्शक पॉलिथिनचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवला आणि दुपारभर उन्हात ठेवला. पहिल्या आठवड्यात आतून दव धरलं. तिसऱ्या आठवड्यात कोरडा ठणठणीत.

फळी कशाची घालायची यावर मिस्त्रीकाकांशी वाद झाला. त्यांचं एकच, "भाऊ, प्लाय काहाले टाकून रायले? सागवान टाका, नातवाच्या नातवाले पुरते." सागवानाच्या मुलखात हे ऐकावंच लागतं. पण सागात तेल असतं, ॲसिटोनने नीट पुसल्याशिवाय इपॉक्सी (रेझिनमध्ये हार्डनर कालवून होणारा गोंद) त्याला घट्ट धरत नाही. शिवाय अख्खं लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. प्लायचे थर उलटसुलट असल्यामुळे ते जागचं हलत नाही. काकांना पटलं नाही. प्लाय मात्र त्यांनीच कापून दिलं, तेही माझ्यापेक्षा सरळ. घ्यायचं ते IS 710, म्हणजे मरीन प्लाय. मला दुकानात 'वॉटरप्रूफच आहे' म्हणून IS 303, म्हणजे साधं प्लाय दाखवलं, तेव्हा शिक्का वाचूनच घ्या. 18 मिमीच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवल्या. जाडी ठरवण्याआधी मोटरच्या क्लॅम्पचं तोंड किती उघडतं ते मोजा. वरची कड तळापासून 15 इंचांवरच ठेवली, मोटर शॉर्ट शाफ्टची, म्हणजे आखूड दांड्याची आहे.

आता रडगाणं. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, पण लाकडाला आणि जुन्या फायबरला इपॉक्सीइतकं धरत नाही, म्हणून इपॉक्सी आणलं. कालवल्यापासून घट्ट होईपर्यंत हाताशी किती वेळ, तर माझ्या डब्यावर 25 अंशांना अर्धा तास लिहिलंय. साधारण हिशेब असा, की गरमी दर 10 अंशांनी वाढली की हा वेळ निम्मा होतो. हे वाचलेलं होतं, तरी मे महिन्यात सकाळी साडेदहाला, टिनाच्या शेडखाली, 400 ग्रॅम एकदम कालवलं. चौथ्या मिनिटाला हातातला मग गरम लागला, सहाव्याला धूर. प्लास्टिकचा मग वाकडा होऊन खाली बसला. उचलून अंगणात फेकला, तर आई म्हणते, "आता का जाळलं रे?"

मग अक्कल लढवली आणि कूलर लावला. शेड थंड झालं, काम मस्त झालं, रात्रभर कूलर चालूच ठेवला. सकाळी फायबरच्या कापडाच्या पहिल्या थरावर मेणचट, चिकट साय. कूलरची ओली हवा आणि हार्डनर यांची ती करणी. त्यावर तसाच दुसरा थर टाकला असता तर पुढे पापुद्रा सुटला असता. पॉलिशपेपर लगेच मारू नका, साय अजून आत चोळली जाते. आधी साधं पाणी आणि भांड्याची घासणी, मग पुसून, वाळवून घासायचं.

आता ठरलेलं गणित सांगतो. पहाटे साडेचारला उठायचं, कूलर बंद, स्लो हार्डनर. एका वेळी 100 ग्रॅमच, काट्यावर मोजून. कालवलं की मगमध्ये ठेवायचं नाही, पसरट ट्रेमध्ये ओतायचं. ढीग राहिला की स्वतःच्याच गरमीने पेटतं. सातच्या आत हात धुवून मोकळं.

फळी बसवताना दोन्ही बाजूंना आधी पातळ इपॉक्सी पाजलं. कडांना तीनदा, कारण प्लाय पाणी पितं ते कडेनेच. मग सिलिका घालून पीनट बटरइतकं घट्ट केलेलं फासलं. बाहेरून दोन सागवानी पट्ट्या (काकांचं मन राखलं), मध्ये पॉलिथिन, आणि क्लॅम्प. फार आवळले नाहीत, सगळं इपॉक्सी बाहेर निघून सांधा कोरडा राहतो. जुन्या फायबरची कड 3 मिमी जाड होती, ती 36 मिमीपर्यंत उतरती घासली, म्हणजे 12 ला 1. त्यावर विणलेलं कापड. चॉप्ड मॅट (फायबरच्या तुटक धाग्यांची चटई) घेऊ नका, तिचे धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्या. मी एक दिवस बनियानवर घासलं, खाजकुइली परवडली असती.

मोटरची भोकं मोठी पाडली, घट्ट इपॉक्सीने भरली, आणि त्यात नवी पाडली. आता बोल्टच्या आजूबाजूला लाकूड उघडंच नाही.

ड्रेनचं भोक तेवढं राहिलं होतं. परवा रात्री पहिला पाऊस आला. सकाळी बोटीत वीतभर पाणी आणि त्यात एक बेडूक. काका फाटकातूनच म्हणाले, "डोंगा भरला की भाऊ!" तांब्याने उपसलं. मग दांड्याने खालपासून वरपर्यंत ठोकून पाहिलं. सगळीकडे 'टक्क'. भोक आज पाडतो.