ऐकू येईल एवढं मैदान

बर्कलीच्या इव्हान्स डायमंडमध्ये २,५०० माणसं बसू शकतात. सहसा बसत नाहीत. स्टॅनफर्डशी गाठ असली किंवा शनिवारी दुपारी लख्ख ऊन पडलं, तर बाकं बऱ्यापैकी भरतात. मंगळवारच्या सामन्याला आलेली डोकी मात्र एका नजरेत मोजून होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं हे बेसबॉलचं मैदान १९३३ सालचं. एका बाजूला धावण्याच्या शर्यतींचं एडवर्ड्स स्टेडियम, दुसऱ्या बाजूला बास्केटबॉलचं हास पॅव्हिलियन, आणि त्या दोघांच्या मध्ये अंग चोरून बसलेलं हे. डाउनटाउन बर्कलीच्या बार्ट रेल्वेच्या स्टेशनवरून रमतगमत चाललं तरी दहाएक मिनिटांत पोचता येतं. शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कितीतरी जणांना आत सामना चालू आहे याचा पत्ताही नसतो. बॅटचा आवाज आला तरच.

व्यावसायिक बेसबॉलमध्ये बॅट लाकडाचीच लागते. कॉलेजात १९७४ पासून ॲल्युमिनियमची चालते. लाकडी बॅटी सारख्या मोडतात आणि त्या सतत नव्या घेत राहणं कॉलेजांच्या जिवावर येतं. म्हणून इथे चेंडू लागला की टिणकन आवाज होतो, स्वयंपाकघरात वरच्या फळीवरून पातेलं पडावं तसा. जुन्या जाणत्यांना तो आवडत नाही. मला आवडतो, कारण डुलकी लागलेली असली तरी तेवढ्याने जाग येते. बेसबॉल बघताना डुलकी लागणं हा मी त्या खेळाचा अपमान मानत नाही. उन्हात बसून, एक डोळा मिटून बघायला परवानगी देणारे खेळ उरलेत किती?

मैदान लहान असलं की काय काय ऐकू येतं! ताशी नव्वद मैलांचा चेंडू कॅचरच्या, म्हणजे इथल्या यष्टिरक्षकाच्या, हातमोज्यात शिरतो तेव्हाचा धप्प जाळीमागच्या पहिल्या रांगेत थेट छातीत जाणवतो. अंपायर नुसता ओरडला की वैतागून खेकसला, तेही कळतं. डगआऊटमधली, म्हणजे खेळाडूंच्या बाकावरची, पोरं सूर्यफुलाच्या बिया फोडत, टरफलं थुंकत अखंड बडबडत असतात. त्या बडबडीला फार अर्थ नसतो, पण ती थांबली की आपला संघ हरतोय हे धावफलक न बघता समजतं. मध्येच विद्यापीठाच्या कँपनिली या ३०७ फुटी मनोऱ्यावरून तासाचे टोल पडतात. या खेळाला घड्याळ नाही, म्हणून ते टोल जरा आगाऊपणाचे वाटतात.

खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्सचं मैदान आहे. तिथे ४१,००० च्या आसपास लोक बसतात. भिंतीपलीकडे खाडीचं पाणी, आत लसणाच्या वासाचे फ्रेंच फ्राइज, सगळं देखणं. पण तिथे मी कितीही ओरडले तरी तो माझ्या घशाचा आणि शेजारच्याच्या कानाचा मामला राहतो. इव्हान्स डायमंडवर ‘अरे, जरा धीराने’ म्हटलं, तर ज्याला म्हटलं त्याला ते ऐकू जातं. तो मान वळवून बघतोसुद्धा. टीव्हीसमोर बसून खेळाडूंची सालटी काढायची आपल्याला इतकी सवय असते, की आपलं बोलणं खरोखरच पोचतंय हे कळल्यावर माणूस थोडा दबतो. मग वाक्य तोंडातून बाहेर काढण्याआधी एकदा तपासतो.

सगळेच तपासतात असं नाही. तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या तिसऱ्या कोपऱ्याच्या, बाजूला सात-आठ विद्यार्थ्यांचं टोळकं बसलेलं असतं. पाहुण्या संघातल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि तो कोणता विषय शिकतोय हे त्यांनी घरून पाठ करून आणलेलं असतं. पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, एका बॅटरला चार ‘बॉल’, म्हणजे बाहेरचे चेंडू, टाकून फुकटात पहिल्या बेसवर पाठवलं, की पुढच्याच्या वेळी हे पाच, सहा, सात अशी मोजणी पुढे चालू ठेवतात. ‘अर्थशास्त्र शिकतोस ना, मग इतकी उधळपट्टी कशाला?’ असं काहीतरी चालतं. पण त्यातही एक मर्यादा पाळली जाते. पोराच्या बॅटिंगला नावं ठेवावीत, केसांना ठेवावीत, आईला नाही. संस्कार वगैरे असतीलही. मला दिसणारं कारण एवढंच, की आई तीन रांगा पुढे बसलेली असते.

कॉलेज बेसबॉलच्या प्रेक्षकांत आईवडिलांचा वाटा मोठा. घडीच्या गाद्या, टोप्या, थर्मास आणि मांडीवर गुणवही. दोन्ही संघांचे पालक आपापल्या डगआऊटच्या वर बसतात. लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे बसतात त्यापेक्षाही काटेकोर वाटणी. २०२५ पर्यंत एका संघाला जास्तीत जास्त ११.७ शिष्यवृत्त्या देता येत असत. दशांश चिन्ह बरोबर आहे. तीस-पस्तीस पोरं आणि ११.७ शिष्यवृत्त्या म्हटल्यावर कोणाच्या वाट्याला पाव यायची, कोणाच्या निम्मी, उरलेली फी आईबापांच्या खिशातून. आता ती मर्यादा जाऊन संघात ३४ खेळाडूंची मर्यादा आली आहे. तरी विमानाची तिकिटं काढून पोरामागून गावोगाव फिरणाऱ्या पालकांची संख्या काही कमी झालेली मला दिसली नाही.

माझे सासरे, नाना, नाशिकहून आमच्याकडे येतात ते नेमके फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. बेसबॉलचा हंगाम तेव्हाच उघडतो. गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने कडेला बसून बघण्यात त्यांनी पुष्कळ दुपारी घालवल्या आहेत, त्यामुळे रिकाम्या बाकांचं त्यांना अप्रूप नाही. पहिला प्रश्न अर्थातच: “टप्पा कुठाय?” टप्पा नाही. पिचर ६० फूट ६ इंचांवरून फेकतो, आपल्या खेळपट्टीच्या ६६ फुटांहूनही जवळून, आणि चेंडू जमिनीला न लागताच येतो. “मग तटवायचं कसं?” तटवायचं नसतं. हे ऐकून ते जरा खट्टू झाले. पण बाहेरचा चेंडू सोडून देणं हे इथेही कौशल्य आहे, आणि असे चार सोडले की पहिला बेस बक्षीस मिळतो, हे समजल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे सोडलेल्या चेंडूचे पैसे मिळतात! गावसकर इथे नुसता चालत चालत शतक काढेल.”

नाना बघायला शिकले ते मांडीवरच्या गुणवहीतून. शेजारी बसलेली बाई पाहुण्या संघातल्या शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाची, आई निघाली, आणि वही दाखवायला तिला कोणीतरी हवंच होतं. प्रत्येक जागेला एक आकडा: पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६. चेंडू शॉर्टस्टॉपने अडवला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर गेला आणि दोघे बाद झाले, तर चौकोनात ६-४-३ लिहायचं. बॅटर स्ट्राइकवर, म्हणजे मारायजोगे चेंडू वाया घालवून, बाद झाला की के. बॅट न फिरवता, नुसता बघत बाद झाला की तोच के उलटा. नानांना हा उलटा के फार भावला. “चूक तर नोंदवलीच, वर लाजही नोंदवली,” म्हणाले. पुढच्या सामन्याला ते स्वतःची शंभर पानी वही घेऊन आले.

नऊपैकी सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उठून उभे राहिले आणि गाऊ लागले, तेव्हा नाना ताठ, हात सरळ करून उभे. राष्ट्रगीत नव्हे, शेंगदाण्यांविषयीचं जुनं गाणं आहे, पाय मोकळे करायला उठलेत सगळे, हे सांगितल्यावरही ते ताठच राहिले. “असू दे. कोणाचं तरी श्रद्धास्थान असेल.”

जाळीमागे, कॅचरच्या अगदी सरळ रेषेत, काही माणसं टाळी वाजवत नाहीत, ओरडत नाहीत, खातही नाहीत. त्यांच्या हातात वेग मोजायची बंदूक. “वाहतूक पोलीस इथे कशाला?” नानांनी विचारलं. हे व्यावसायिक संघांचे स्काऊट. पिचरचा प्रत्येक चेंडू मोजायचा, आणि बॅटर धावत सुटला की घड्याळ दाबायचं. पहिल्या बेसपर्यंतचे ९० फूट सव्वाचार सेकंदांच्या आसपास कापले तर ठीकठाक. पोरगा बाद झाला की राहिला, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. अख्ख्या मैदानात सामन्याचा निकाल माहीत नसलेले प्रेक्षक तेवढेच, आणि पोरांचं पुढचं आयुष्य ठरवणारेही तेच.

कोण पुढे कुठे जाईल याचा अंदाज आपल्यासारख्यांना येत नाही ते बरंच आहे. ज्यांचं नाव मैदानाला आहे त्या क्लिंट इव्हान्स यांच्या संघाने १९४७ साली पहिलीवहिली कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेजांचं अजिंक्यपद, जिंकली, मिशिगनमधल्या कॅलमझू गावात, येलला हरवून. येलकडून पहिल्या बेसवर जॉर्ज बुश नावाचा तरुण उभा होता. तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष होणार हे त्या दिवशी बाकांवरच्या कोणाला ठाऊक असणार? त्याने झेल सोडला असता तर त्याला मनसोक्त बोलून घेतलं असतं. २०११ मध्ये इव्हान्स डायमंडवर शॉर्टस्टॉपला मार्कस सेमियन खेळायचा, इथल्याच परिसरात वाढलेला. २०२३ मध्ये तो टेक्सास रेंजर्स या व्यावसायिक संघाकडून वर्ल्ड सिरीज जिंकला. तेव्हाचे इथले प्रेक्षक आता, आपण त्याला काय काय ओरडून सांगितलं होतं, याच्या सुधारित आवृत्त्या ऐकवतात.

सेमियनच्या त्या २०११ च्या हंगामाची गोष्ट मात्र सुधारावी लागत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये विद्यापीठाने पैशांची ओढाताण सांगून काही खेळ बंद करायचं जाहीर केलं. त्यात बेसबॉल होता. १८९२ पासून चालत आलेला संघ, आणि पुढचा हंगाम शेवटचा. फेब्रुवारीत बाकीच्यांपैकी तीन खेळांना जीवदान मिळालं, बेसबॉलला नाही. पोरं खेळत होती, दुसऱ्या कॉलेजांचे प्रशिक्षक त्यांना हेरत होते, आणि बाकांवरचे लोक, म्हणजे जुने खेळाडू, पालक, दर शनिवारी येणारे म्हातारे, वर्गणी गोळा करत होते. ९० लाख डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली आणि एप्रिल २०११ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. गणपतीची वर्गणी मागायला दारोदार फिरलेल्या कोणालाही या आकड्यामागची पायपीट कळेल.

नंतर जे झालं ते कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. हंगामाअखेरच्या स्पर्धेत, ह्यूस्टनच्या फेरीत, बेलर विद्यापीठाविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये चार धावा काढून सामना ९-८ असा खेचून आणला. पुढची फेरी भरवण्याचा मान बर्कलीला मिळाला, पण इव्हान्स डायमंडवर तेव्हा दिवेच नव्हते. ज्या मैदानासाठी एवढा आटापिटा केला ते सोडून सगळे सांता क्लाराच्या उसन्या मैदानावर गेले, तिथे जिंकले आणि थेट ओमाहाला, कॉलेज वर्ल्ड सिरीजला पोचले. तिथे व्हर्जिनियाने त्यांना घरी पाठवलं. त्याचं दुःख इथे कोणी फारसं करत नाही. तो विषय निघाला की वर्गणीच्या पावतीबद्दल बोलतात.

२०२४ पासून आणखी एक गंमत झाली आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरची जुनी संघटना फुटली आणि बर्कली आणि स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. प्रशांत महासागर बाकावरून उठून बघता येईल इतका जवळ, आणि खेळायचं अटलांटिकच्या नावाने. टीव्हीच्या पैशांपायी नकाशाचं हे असं झालं. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. पण त्यामुळे ड्यूक, क्लेमसन, जॉर्जिया टेकची पोरं आता इथे येतात. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने खेळतात, आणि रविवारी संध्याकाळी त्यांना देश ओलांडून परत जायचं असतं. सोमवारी वर्ग असतात. म्हणून अशा रविवारी आधीच ठरवून टाकतात, की अमुक वाजल्यानंतर नवी इनिंग सुरू करायची नाही. बरोबरी असली तर बरोबरीच राहिली.

हे शॉर्टस्टॉपच्या आईने सांगितलं आणि नाना सावरून बसले. “म्हणजे ड्रॉ होऊ शकतो?” विमानाची वेळ झाली म्हणून, हो. अमेरिकेत आल्यापासून ज्याची चुटपुट होती ते त्यांना अखेर सापडलं. आठव्या इनिंगमध्ये ५-५ झालं होतं, वारा खाडीकडून गारठा घेऊन यायला लागला होता, लोक जाकिटांच्या चेनी ओढत होते. नाना मात्र वही बंद करून बाकाच्या कडेवर. आमचा बॅटर बाद झाला की “शाब्बास!” त्यांचा झाला की “शाब्बास!” मैदान लहान, आवाज खणखणीत; दोन्ही पिचर आळीपाळीने वर बघायला लागले. आमच्या बाजूचे पालक बघायला लागले. त्यांच्या बाजूचे तर कधीचेच बघत होते. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून अगदी सभ्यपणे विचारलं, की आपला मुलगा नेमका कोणत्या संघात आहे?

“अंपायर,” नाना म्हणाले.