इटालियन वाट्या, ३६ मिलिमीटर आणि अडकलेलं पार्सल

मामांची रेसिंग सायकल आता चालते, रोज चालते. पण तिच्या बीबीच्या, म्हणजे पेडलच्या मधल्या नळकांड्यातल्या बेअरिंगच्या, दोन वाट्या आणि एक एक्सल इटलीहून रत्नागिरीत पोचेपर्यंत जे झालं, त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. घरच्या माळ्यावरून जुनी रेसिंग सायकल खाली काढायचा कुणाचा विचार असेल, तर त्याने हे आधी वाचावं.

मामा बोटीवर होते. जिनोआ बंदरात त्यांनी ही सायकल घेतली आणि बोटीतूनच घरी आणली. खाऱ्या हवेने स्टिकर केव्हाच खाऊन टाकले होते, वर कुणीतरी हिरवा ऑइलपेंट फासलेला. फ्रेमवर बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. तरी सायकल स्वतःची ओळख सांगते, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, कॅम्पान्योलो या इटालियन कंपनीचा न्युओवो रेकॉर्ड निघाला. हे मॉडेल १९६७ साली आलं आणि त्यानंतर जवळजवळ दोन दशकं मोठमोठ्या शर्यतींत तेच दिसायचं. त्याच्या अंगावर ‘पेटंट-७८’ असा शिक्का होता, म्हणजे भाग १९७८ सालचा. चेनरिंगच्या, म्हणजे पुढच्या दातेरी चकतीच्या, बोल्टांचं वर्तुळ १४४ मिलिमीटर. सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांडीवर, २७.२ हा आकडा. आतली सीटपोस्ट एवढी जाड बसते, याचा अर्थ बाहेरची नळी पातळ आणि हलकी. बीबीच्या नळकांड्याची रुंदी मोजली तर बरोबर ७० मिलिमीटर भरली. इंग्लिश फ्रेमला ती ६८ असते. त्या क्षणी मला खात्री पटली की ही अस्सल इटालियन रेसिंग फ्रेम आहे, आणि ती आहे तशीच उभी करायची हे मी ठरवून टाकलं.

रंग, गंज, चाकं, केबल हे सगळं वेळ खाऊन का होईना, पण पार पडलं. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो, पॉलिशपेपरला हात लावू नका. ॲल्युमिनियमची सीटपोस्ट स्टीलच्या नळीत अडकली असेल तर जोर करू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणून ती चिकटते. रोज थोडं गंज सोडवायचं तेल सोडा आणि थांबा. माझी सुटली.

अडलं ते बीबीत. सीटच्या नळीतून वर्षानुवर्षं पाणी खाली उतरून तिथे साठलं होतं. एक्सलवरची छर्ऱ्यांची वाट खड्ड्याखड्ड्यांची झाली होती, डाव्या वाटीचा एक तुकडाच निघून आला. बाजारपेठेतले आमचे सायकलवाले काका या धंद्यात मुरलेले आहेत. वाटी हातात घेऊन त्यांनी दुकानातली एक वाटी शेजारी धरली आणि म्हणाले, “ही आपल्याकडची नव्हे रे. माझ्याकडची ह्यात सैल पडेल.” तसंच झालं. इंग्लिश मापाची वाटी १.३७ इंचाची, म्हणजे ३४.८ मिलिमीटर. इटालियन ३६. आटे दोन्हींचे इंचाला २४च, पण मधला जवळजवळ सव्वा मिलिमीटर कुठून आणणार?

काकांनी मला मिरकरवाड्याकडे एका लेथवाल्याकडे पाठवलं. बोटींच्या इंजिनांचं काम करणारा माणूस, हात सोन्यासारखा. तो म्हणाला, आत बुश घालतो, वेल्डिंग मारतो, नवे आटे पाडतो, संध्याकाळी घेऊन जा. मी नको म्हटलं आणि आजही तोच सल्ला देईन. असल्या हलक्या फ्रेमच्या नळीची जाडी मध्यभागी जेमतेम ०.६ मिलिमीटर असते. कोलंबस या इटालियन कंपनीची एसएल नावाची प्रसिद्ध नळी टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ होती. ती लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या खोबणीत, ब्रेझिंगने, म्हणजे दुसरा धातू वितळवून, जोडलेली असते. तिथे वेल्डिंगची आच दिली की कारागिराने राखलेला सगळा तोल गेला. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्लिश शेलचे, म्हणजे बीबीच्या नळकांड्याचे, आटे गेले तर तो तासून ३६चा इटालियन करता येतो, पण इटालियन शेलला त्यापुढे वाढायला जागा नाही. तिथे एकदा आटे पाडायचा चुकीचा टॅप फिरवला की विषय संपला.

म्हणून इटलीतल्या एका जुन्या सामानाच्या विक्रेत्याकडून वाट्या आणि एक्सल मागवले. वाटीवर ‘३६ x २४’ आणि एक्सलवर ‘७०-एसएस’ हे शिक्के आहेत ना, याचे फोटो आधी मागून घेतले. शिमगा नुकताच झाला होता. पाऊस लागायच्या आत सायकल रस्त्यावर, असा माझा हिशेब होता.

पार्सल इटलीहून मुंबईला झटपट आलं. त्यानंतर ट्रॅकिंगच्या पानावर एकच ओळ दिसायला लागली, ‘कस्टम्सकडे तपासणीसाठी’. सकाळी तीच, रात्री तीच. आंब्याचा हंगाम सुरू झाला, संपला, ओळ बदलली नाही. फोन वाजत राहायचा, कुणी उचलत नव्हतं. ई-मेलला उत्तर नाही. इथल्या पोस्टात विचारलं तर तिथली माणसं बिचारी भली, पण पार्सल त्यांच्या हातात आलेलंच नव्हतं, ती काय सांगणार?

मग एकदाचं पत्र आलं. साध्या टपालाने. उत्तर द्यायची मुदत दिलेली, आणि त्यातली बरीचशी पत्र प्रवासात असतानाच संपलेली. मजकूर असा, की वस्तू ‘वाहनाचे वापरलेले सुटे भाग’ आहेत, जाहीर केलेली किंमत मान्य नाही, पाठवणाऱ्याने ‘भेट’ लिहिलं आहे, तरी ओळखपत्र, बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि वाहनाचा तपशील सादर करावा.

‘भेट’ हा शब्द विक्रेत्याने आपल्या मनाने लिहिला होता. खरी किंमत लिहा असं मी त्याला स्पष्ट कळवलं होतं, पण परदेशातल्या विक्रेत्यांना वाटतं की त्यामुळे आपलं भलं होईल. होत नाही. भेट म्हणून आलेल्या वस्तूंना मिळणारी ड्युटीची सूट आपल्याकडे डिसेंबर २०१९मध्येच काढून घेतली आहे. राख्या आणि जीवरक्षक औषधं एवढेच अपवाद राहिले. ‘भेट’ लिहिलं की पैसा वाचत नाही, उलट संशय येतो.

कागद पाठवले. पुन्हा शांतता. मग पुन्हा पत्र, या वेळी गाडीचं नोंदणीपत्र मागणारं. सायकलचं नोंदणीपत्र! मी ते पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, “तू जाऊनच ये.” रात्रीची कोकणकन्या पकडली.

त्या कार्यालयात मला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवत राहिले. प्रत्येक जण कागद उलटायचा, खोका मात्र कुणी उघडत नव्हतं. आत काय आहे हे बघायला दोन मिनिटं लागली असती. मला खरा संताप याचाच आला आणि अजून येतो. ड्युटी भरायला मी पहिल्या दिवसापासून तयार होतो. नियम असावेत, तपासणी व्हावी, माझी काही हरकत नाही. पण तपासणी म्हणजे वस्तू बघणं. बंद खोक्याबद्दल महिनोन्‌महिने पत्रं पाठवणं म्हणजे तपासणी नव्हे.

शेवटी काम झालं ते तयारी करून गेलो होतो म्हणून. रत्नागिरीत बसून मी कस्टम्सच्या दरपत्रकातलं ८७वं प्रकरण वाचून काढलं होतं. ते सर्वांसाठी खुलं आहे, कुणीही वाचावं. ८७१२ म्हणजे बिनइंजिनाची सायकल. ८७१४ म्हणजे सुटे भाग, पण त्यात मोटरसायकलचेही येतात आणि सायकलचेही, आणि घोळ तिथेच होतो. ८७१४ १० मोटरसायकलचे. ८७१४ ९१पासून पुढे सायकलचे, फ्रेम आणि चिमटा, मग रिम आणि स्पोक, मग हब आणि फ्रीव्हील, पुढे ब्रेक, सीट, आणि ८७१४ ९६ म्हणजे पेडल आणि क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्याची, यंत्रणा. माझ्या वाट्या आणि एक्सल या शेवटच्या ओळीतले. ते पान छापून नेलं होतं आणि घरची फुटलेली वाटी खिशात होती.

एका बाईंनी, त्या तिथल्या वरिष्ठ असाव्यात, ती वाटी हातात घेतली आणि विचारलं, “हे सायकलमध्ये कुठे बसतं?” मी पेडलच्या मधल्या नळकांड्याचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी खोका मागवला, उघडला, नवी वाटी जुनीच्या शेजारी ठेवली. दोन्हींवर तोच शिक्का. “मग हे इतके दिवस का थांबलंय?” असं त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं. तिथून उत्तर आलं नाही. बिलातली किंमत मान्य झाली, ड्युटी ठरली, आणि पुढच्याच आठवड्यात पोस्टमनदादांनी ती दारात वसूल करून पार्सल हातात दिलं. मृग केव्हाच उलटून गेला होता, बाहेर धो धो पाऊस. त्या बाईंचे मी मनापासून आभार मानतो. वस्तू उघडून बघणारं माणूस भेटलं, तेव्हा सगळं सुटलं.

तर परदेशातून जुने भाग मागवताना विक्रेत्याकडून बिल असं करून घ्या: भागाचं नाव, ‘सायकलसाठी’ हे शब्द ठळक, धातू, जुना की नवा, खरी किंमत युरोत, आणि दरपत्रकातला आठ आकडी नाही तर निदान सहा आकडी कोड. एक प्रत खोक्यात, एक बाहेर सीएन २२ या कस्टम्सच्या चिठ्ठीशेजारी. बँकेच्या उताऱ्याचं त्या तारखेचं पान आधीच काढून ठेवा.

हे आधी सांगायला हवं होतं, की क्रँक हातोडीने काढू नका. आपल्याकडे कॉटर पिन ठोकून काढायची सवय आहे, पण या क्रँकला पिन नसते, चौकोनी एक्सलवर ती दाबून बसवलेली असते. २२ मिलिमीटर आट्याचा पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचं हत्यार, मिळवा आणि आटे पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा.

वाट्या बसवायला एक संध्याकाळ पुरली. इंग्लिश बीबीत उजव्या वाटीचे आटे उलटे असतात, त्यामुळे पेडल मारताना ती सैल होत नाही. इटालियनमध्ये दोन्हीकडे सुलटेच, म्हणून उजवी वाटी हळूहळू सुटू बघते. ती नीट पुसून, आटे धरून ठेवणारा निळा थ्रेडलॉकर लावून, भरपूर जोराने आवळली. छर्ऱ्यांचा पिंजरा बाजूला ठेवून दोन्हीकडे पाव इंचाचे अकरा-अकरा सुटे छर्रे घातले. वाट्या बसवण्याआधी नळ्यांच्या आतून उकळलेलं जवसाचं तेल फिरवून वाळवलं. किनाऱ्यावर राहणाऱ्याने हे टाळू नये, आणि शेलच्या तळाला पाणी जायचं भोक असेल तर ते मोकळं ठेवावं.

टायरचंही एक. आपल्या काळ्या सायकलीचा २८ x १½चा टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमचा असतो आणि या रेसिंग सायकलची ७००सी मापाची रिम ६२२ची. दुकानदार “बसेल, बसेल” म्हणतील, पण बसत नाही.

पाऊस उघडल्यावर आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला गेलो. पुढे १४४च्या वर्तुळात ४२ दातांपेक्षा लहान रिंग सहसा मिळत नाही आणि मागचा डिरेलर २६च्या वर दात घेत नाही, तेव्हा तिथला चढ मांड्यांनी मोजावा लागतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून ‘घाटाचा राजा’ होणाऱ्यांबद्दल माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला. पण बीबीचा आवाज शून्य. मामांनी अंगणात एक फेरी मारली आणि खाली उतरून आधी क्रँक हाताने हलवून बघितली. जरासुद्धा खेळ नव्हता.

आता ब्रेकच्या मुठींवरची रबरं तेवढी राहिली आहेत, जुनी उन्हाने तडकली. विक्रेता तोच. ‘भेट’ लिहायचं नाही हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे आणि बिलावर घालायला ८७१४ ९४ हा कोड त्याला आधीच पाठवला आहे.