आमदारकीची कागदी बाजू

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने विषय दिला: आमदार नेमके काय करतो, ते मुलांना कळेल असे लिहा. विधिमंडळाच्या कागदपत्रांशी रोजचा संबंध असल्याने मी तो घेतला. शाळेच्या आठवणी इतर मंडळी रंगवून लिहितीलच.

आमदारकी प्रचारफेरीने सुरू होते असे आपल्याकडे समजतात. खरी सुरुवात उमेदवारी अर्जाची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे नाव सुचवणारा, पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. कर्नाटकातला मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार कागदावर अपक्षच. बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण यांच्या हद्दी एकमेकींना खेटून असल्याने पलीकडच्या मतदारसंघातला कार्यकर्ता चुकून सूचक झाला की संख्या नऊवर येते आणि छाननीत अर्ज बाद होतो. प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना 26 मध्ये, एकही रकाना कोरा सोडायचा नाही. लागू नसेल तिथे तसे लिहायचे. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात.

2013 साली समितीचे दोघे निवडून आले, बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. 2018 आणि 2023 ला कोणीच नाही. फुटीचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ आहे, तो इथे नको. पण कर्नाटक विधानसभेच्या 224 जणांच्या सभागृहात बोलायला वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो, त्यामुळे एकट्यादुकट्याची भिस्त प्रश्नांवरच राहते. आणि अपक्ष म्हणून निवडून आल्यावर पुढे एखाद्या पक्षात गेले, तर घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदीखाली, आमदारकीच जाते.

प्रश्न कसा मांडतात हे बघण्यासारखे आहे. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. ‘मराठी शाळांकडे सरकार दुर्लक्ष का करते?’ हा प्रश्न नव्हे, तक्रार झाली. सरकारचे मत विचारणारी प्रश्नाची सूचना विधिमंडळाच्या कार्यालयातच अडकते. ‘खानापूर तालुक्यातील सरकारी मराठी प्राथमिक शाळांत मंजूर शिक्षकपदे किती, भरलेली किती, उरलेली कोणत्या तारखेपर्यंत भरणार?’ असे विचारले की खात्याला आकडे काढावेच लागतात. मंत्री ‘लवकरच भरू’ म्हणाला, तर ते आश्वासन ठरते आणि सभागृहाच्या आश्वासन समितीकडे त्याचा पाठपुरावा करता येतो. पुष्कळ आमदार उत्तर मिळाल्याचा फोटो छापून मोकळे होतात, हा पाठपुरावा तिथेच राहतो. रेल्वे केंद्राकडे, म्हणून तो प्रश्न चालत नाही. सीमावाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असल्याने तिथेही न्यायप्रविष्टतेची आडकाठी येते.

भाषेचे काय? घटनेच्या कलम 210 नुसार राज्यभाषा, हिंदी किंवा इंग्रजीत नीट बोलता न येणाऱ्या सदस्याला विधानसभेचे अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. परवानगी त्यांच्या मर्जीची. माझे मत काहींना रुचणार नाही, तरी लिहितो: प्रश्नाची सूचना नेटक्या कन्नडमध्येच द्यावी, म्हणजे टोलवाटोलवीला जागा उरत नाही. मराठीचा आग्रह धरावा तो जनतेच्या अर्जांसाठी. गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क कलम 350 देते.

आता निधी. आमदाराला वर्षाला दोन कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, पण तो त्याच्या खिशात नसतो. तो शिफारस करतो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. वर्गखोली हवी असेल तर एसडीएमसीचा, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीचा ठराव, अभियंत्याचे अंदाजपत्रक आणि जागेचा उतारा आधी तयार ठेवावा. घोडे अडते ते उताऱ्यावर. जुन्या शाळांची जागा कुणीतरी तोंडी दिलेली असते, उताऱ्यावर आजोबांचेच नाव. वारस सह्या देईपर्यंत आर्थिक वर्ष उलटते.

खानापूरच्या पश्चिमेकडचे रस्ते तर वेगळेच दुखणे. गवाळी, कोंगळा, पास्टोली ही गावे भीमगड अभयारण्यात. तिथे पैसे मंजूर असूनही भागत नाही. 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी हवी, शिवाय वन्यजीव मंडळाची मान्यता. आमदाराला ‘रस्ता कधी?’ असे विचारले की ‘लवकरच’ हेच उत्तर मिळते. त्यापेक्षा प्रस्ताव बेळगावात आहे, बेंगळूरला की दिल्लीला, आणि शेवटची त्रुटी कोणत्या तारखेच्या पत्राने काढली, हे विचारावे आणि त्या पत्राची प्रत मागावी.